उन्हाळी मलमल ब्लाउज: प्रकल्प नोंदी

९ मार्च २०२५

सासूबाईंसाठी उन्हाळ्यात घरी घालण्याजोगा सुती ब्लाउज शिवण्याचे काम हाती घेतले आहे. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे असून त्या दिवसभर सहावारी साडी नेसतात, आणि अकोल्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४ अंशांच्या आसपास जाणे नित्याचे असल्यामुळे छातीखाली, काखेत आणि मानेच्या मागे त्यांना दरवर्षी घामोळे येते. गाऊन त्यांना मान्य नाही आणि तो विषय संपलेला आहे. खोल गळा किंवा बिनबाह्यांचा ब्लाउजही त्या घालणार नाहीत. म्हणजे अंग झाकणारा, कोपराच्या जरा वर बाही येणारा, समोर हूक असलेला नेहमीचाच ब्लाउज शिवायचा आहे, मात्र तो हलका हवा.

सुरुवातीला त्यांचा वापरातला एक जुना ब्लाउज स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, तेव्हा तो १४८ ग्रॅम भरला. वरचे कापड सूत आणि पॉलिएस्टर यांच्या मिश्रणाचे, आत पॉपलीनचे पूर्ण अस्तर, खाली कॅनव्हास घातलेला पट्टा, गळ्याला पायपिंग (दोरी घातलेली किनार) आणि सर्व शिवणींना इंटरलॉक (कडा सुटू नयेत म्हणून घातलेली दोऱ्याची वीण), अशी त्याची रचना आहे. काखेखालच्या शिवणीजवळ बोटाने थर मोजले तर अंगाचे दोन आणि एका बाजूला वळवलेल्या मायेचे (शिवणीच्या आत जास्तीचे ठेवलेले कापड) चार, असे सहा थर एकावर एक येतात, आणि घामोळे नेमके तिथेच येते. कापड पातळ घेऊन हे निम्मेच सुटेल. एकेक थर कुठे लागतो आणि कुठे केवळ सवयीने घातला जातो, हे प्रत्येक शिवणीपाशी ठरवावे लागेल.

१२ मार्च २०२५

कापड आणले. दुकानात रुबिया, कॅम्ब्रिक आणि मलमल असे तीन पर्याय होते. टू बाय टू रुबियात उभा आणि आडवा दोन्ही धागे दुपदरी पिळाचे असल्याने ते कापड टिकाऊ असते, त्याला बेताचा ताठपणा असतो आणि ब्लाउज अंगावर नेटका बसतो. म्हणूनच आपल्याकडे मॅचिंगच्या दुकानांत त्याचे ठाण रचलेले दिसते. कॅम्ब्रिक अधिक दाट असते. मलमल एकपदरी बारीक सुताची आणि विरळ विणीची असल्यामुळे तिच्यातून हवा खेळते, पण ती सुळसुळते, कडेने सुटते आणि पारदर्शक असते. तिन्ही गुण-दोष पाहून मलमलच घेतली, कारण उरलेल्या अडचणी शिवणीतून सोडवता येतात, जाड कापडाची जाडी मात्र शिवणीतून कमी करता येत नाही.

रंगाबाबत सासूबाईंचे म्हणणे पांढऱ्याकडे झुकणारे होते. पातळ सुती कापड घामाने भिजले की धाग्यांमधल्या मोकळ्या जागा पाण्याने भरतात, प्रकाश विखुरण्याचे प्रमाण घटते आणि कापड कोरडे असताना दिसत नव्हते ते ओले झाल्यावर दिसू लागते. फिक्या रंगात हे लगेच जाणवते, मध्यम-गडद रंगावर बारीक छपाई असेल तर नजर त्या छपाईवरच थांबते. म्हणून मेंदी रंगावर बारीक बुट्टी असलेली मलमल निवडली. गडद रंग उन्हात अधिक तापतो हे खरे, पण हा ब्लाउज घरात आणि पदराखाली घालायचा आहे.

४४ इंच पन्ह्याचे (रुंदीचे) सव्वा मीटर कापड घेतले. नेहमीच्या ब्लाउजपीसइतके ८० सेंटिमीटर इथे पुरणार नाहीत, कारण पुढच्या बाजूला काही भाग दुहेरी करायचा आहे आणि तिरक्या पट्ट्याही याच कापडातून काढायच्या आहेत. घरी आल्यावर कडेचे दोन-चार धागे काढून जाळून पाहिले. कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटांत चुरडणारी मऊ राख उरली. पॉलिएस्टर असते तर धागा वितळून टोकाला कडक मणी झाला असता.

१६ मार्च २०२५

कापड धुण्यापूर्वी त्यावर धाग्याने २० इंचांचा चौरस टाचून घेतला आणि रात्रभर साध्या पाण्यात भिजवले. सकाळी पाणी किंचित हिरवट झाले होते. पुढच्या दोन पाण्यांत ते स्वच्छ आले. शेजारून मीठ घालण्याचा सल्ला मिळाला, तो नम्रपणे बाजूला ठेवला. सुतावर रंग चढवताना रंगाच्या पाण्यात मीठ उपयोगी पडते, एकदा रंगवून झालेल्या कापडाचा सैल रंग मात्र मिठाने पक्का होत नाही, तो धुऊनच काढावा लागतो.

सावलीत वाळवून चौरस मोजला, तेव्हा तो उभ्या धाग्यात सव्वाएकोणीस इंच आणि आडव्या धाग्यात पावणेवीस इंच भरला. १५ इंच उंचीच्या ब्लाउजमध्ये उभे आटणे अर्ध्या इंचाहून अधिक झाले असते, आणि छातीखालचे टक्स (बसणीसाठी शिवलेल्या निमुळत्या चुण्या) त्यामुळे वर सरकले असते.

२२ मार्च २०२५

मापे घेतली आणि कागदी बेत, म्हणजे कापण्यासाठीचा आराखडा, काढला. छाती ३८, छातीखालचा घेर ३४, उंची १५, खांदा साडेचौदा, दंडघेर साडेबारा, बाहीची लांबी ९, खांद्यापासून छातीच्या उंचवट्यापर्यंत साडेदहा आणि दोन उंचवट्यांमधले अंतर साडेसात इंच. पुढचा गळा ६ इंच व मागचा ४ इंच खोल ठेवला आहे.

अंगासरशा ब्लाउजला छातीच्या घेरात एक-दीड इंच मोकळीक देण्याची रीत आहे. इथे ती ३ इंच दिली. त्यामुळे चौथा हिस्सा साडेनऊ आणि मोकळिकीचा पाऊण इंच मिळून सव्वादहा, आणि त्यात बाजूच्या शिवणीची एक इंच माया धरून सव्वाअकरा इंचांवर खूण आली. छातीखालीही अडीच इंच मोकळीक आहे. अकोल्याच्या कोरड्या हवेत घाम लवकर वाळतो, त्यामुळे कापड आणि त्वचा यांच्यात हवा फिरायला थोडी जागा राहिली तरी पुष्कळ फरक पडतो. हाच ब्लाउज रत्नागिरीच्या दमट हवेसाठी शिवायचा असता तर मोकळीक आणखी वाढवली असती, कारण तिथे घाम वाळण्याची वाट पाहण्यापेक्षा कापड अंगाला चिकटू न देणे अधिक महत्त्वाचे ठरते.

पट्ट्याचा ब्लाउज (छातीखाली वेगळा पट्टा जोडलेला) आणि कटोरी ब्लाउज (छातीचा भाग वाटीसारख्या वेगळ्या तुकड्याचा) दोन्ही बाजूला ठेवून साधा चार टक्सचा बेत धरला. कटोरीची बसणी चांगली असते हे मान्य करूनही तिच्यात छातीखालून एक आडवी शिवण आणि तिच्या दोन्ही बाजूंची माया येते, जी नेमकी घामाच्या रेषेवर बसते. टक्समध्येही कापड दुहेरी होतेच, पण तो भाग निमुळता असतो आणि टोकाकडे नाहीसा होतो.

माया किती ठेवावी यावर घरात मतभेद झाला. सासूबाईंच्या पिढीत ब्लाउज दोन-तीनदा उसवून मोठा करता आला पाहिजे अशी अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. “एवढं कापड कापून टाकशील तर पुढच्या वर्षी मी काय घालू?” असे त्या म्हणाल्या. मी त्यांना म्हटले, “आई, बाजूच्या शिवणीत एक इंच ठेवते, बाकी कुठेही ब्लाउज वाढवायची वेळ येत नाही.” त्यावर त्यांनी खांद्यातही थोडी ठेवायला सांगितली, आणि मी ती अर्धा इंच ठेवली, तीही फ्रेंच शिवणीला (कच्च्या कडा आत बंद करणारी दुहेरी शिवण) लागतेच.

पुढच्या बाजूच्या दुहेरी थराचा विचार करायला बराच वेळ गेला. पूर्ण अस्तर नको आहे, पण एकेरी मलमलीत पुढची बाजू झाकलेली वाटत नाही आणि पदर कामाच्या वेळी सरकतो. म्हणून त्याच मलमलीचा आतला थर फक्त छातीपुरता घ्यायचा असे ठरवले: तो वर खांद्यात, समोर हूकपट्टीत आणि खाली काठात अडकेल, पण मुंढ्याच्या (जिथे बाही अंगाला जोडतात तो गोल भाग) आणि बाजूच्या शिवणीपर्यंत जाणार नाही. त्याची बाहेरची कड बारीक दुमडून मोकळी राहील. या आतल्या थराला छातीखालचा आणि पट्टीकडचा असे दोनच टक्स पुरतात, कारण मोकळी कड उरलेला फुगवटा आपोआप सामावून घेते.

२९ मार्च २०२५

जुन्या सुती साडीच्या कापडाचा कच्चा नमुना धावदोऱ्याने जोडून सासूबाईंना घातला. नमुना उभे राहून चांगला दिसला की काम झाले असे समजले जाते, पण ब्लाउजची खरी परीक्षा हात वर केल्यावर होते, म्हणून त्यांना दोरीवर कपडे वाळत घालण्याचा हावभाव करायला सांगितला. हात वर जाताच ब्लाउजचा खालचा काठ बाजूने दोन इंच वर चढला आणि दंडावर बाही ओढली गेली.

अशा वेळी मुंढा खाली उतरवून सैल करावा असे सहज मनात येते, पण त्याने उलटाच परिणाम होतो. मुंढा जितका खाली, तितकी बाही आणि अंग यांची सांध काखेपासून लांब जाते, आणि हात उचलला की ती सांध आपल्याबरोबर सगळा ब्लाउज वर ओढते. मुंढा काखेजवळच ठेवून बदल बाहीत करावा लागतो. मुंढ्याची खोली छातीच्या सहाव्या हिश्शाच्या जवळ, म्हणजे साडेसहा इंचच ठेवली. बाहीच्या वरच्या गोलाईची उंची पावणेचार इंच होती, ती पावणेतीनवर आणली. मुंढ्याचा घेर तेवढाच राहतो, म्हणून गोलाई ठेंगणी झाली की बाही आडवी रुंदावते; इथे ती साधारण पाऊण इंचाने वाढून दंडावर साडेपंधरा इंच झाली. हात खाली सोडल्यावर अशा बाहीला काखेजवळ एक-दोन तिरप्या सुरकुत्या पडतात. शोरूममधल्या पुतळ्यावर त्या खटकतील, पण माणसाला हात हलवायचे असतात आणि त्यासाठी लागणारे कापड कुठेतरी साठवून ठेवावे लागतेच.

काखेत चौकोनी तुकडा जोडण्याचाही प्रयोग याच नमुन्यावर केला. हालचाल त्याने खरोखर मोकळी होते, पण सर्वाधिक घाम येणाऱ्या ठिकाणी चार नव्या शिवणी येतात, म्हणून तो काढून टाकला. ठेंगण्या गोलाईच्या बाहीने काठ वर चढण्याचे प्रमाण अर्ध्या इंचावर आले आणि सासूबाईंनी तेवढे चालेल असे सांगितले.

५ एप्रिल २०२५

मलमल बेतण्याआधी तिला साबुदाण्याची पातळ खळ दिली. सुळसुळीत कापड टेबलावर सरळ राहत नाही, कातर चालताना वरचा पदर पुढे पळतो आणि दोन बाजू वेगवेगळ्या मापाच्या निघतात; खळीमुळे ते काही काळ कागदासारखे वागते आणि शिवून झाल्यावर पहिल्या धुण्यात खळ निघून जाते. अर्धवट ओले असताना उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री फिरवली. तिरके ओढत इस्त्री केली असती तर बेत वाकडातिकडा झाला असता.

टोक सरळ करण्यासाठी एक आडवा धागा ओढून काढला आणि त्या रेषेवर कातर चालवली. पाठ, पुढची बाजू आणि बाह्या उभ्या धाग्यावर ठेवल्या. उरलेल्या तुकड्यातून बरोबर ४५ अंशांत सव्वा इंच रुंदीच्या तिरक्या पट्ट्या काढल्या. खडूची रेघ बुट्टीत हरवत होती, म्हणून टक्सच्या सगळ्या खुणा दोऱ्याने टाचल्या.

६ एप्रिल २०२५

मशीनला ११ नंबरची सुई लावून तुकड्यावर टीप घातली, तेव्हा सुईच्या भोकाजवळ धागे ओढलेले दिसले. त्याहून बारीक अशा ९ नंबरच्या सुईने ते थांबले. वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल केला आणि टीप इंचाला बारा टाके अशी ठेवली. शिवण सुरू करताना मलमल सुईबरोबर खालच्या पट्टीच्या भोकात ओढली जाते, म्हणून प्रत्येक शिवणीच्या आरंभी खाली कोऱ्या पातळ कागदाची चिंधी ठेवली आणि नंतर ती फाडून काढली. वर्तमानपत्राची शाई कापडाला लागते, त्यासाठी कागद कोराच हवा.

टक्सच्या टोकाशी उलट टीप मारली नाही. पातळ कापडात तिथे गाठोडे होऊन बाहेरून खळगा दिसतो; त्याऐवजी दोऱ्याची टोके लांब सोडून हाताने गाठ दिली. बाहेरच्या थराचा छातीखालचा टक बाजूकडे आणि आतल्या थराचा समोरच्या दिशेने वळवला, जेणेकरून दोन घड्या एकमेकींवर येणार नाहीत.

दोरा सुतीच वापरला. प्रमाणित हवामानात कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. दोऱ्याचे वजन नगण्य असल्याने घाम शोषण्याच्या दृष्टीने याला फारसे महत्त्व नाही, हे उघड आहे. माझे कारण वेगळे होते: पॉलिएस्टरचा दोरा मलमलीच्या धाग्यांपेक्षा मजबूत असतो आणि ताण आला की दोरा टिकतो आणि कापड फाटते. तुटायचेच असेल तर शिवण तुटावी, ती पुन्हा घालता येते.

१३ एप्रिल २०२५

खांद्याला आणि मुंढ्याला फ्रेंच शिवण घातली. प्रथम उलट बाजू आत ठेवून पाव इंचावर टीप, मग माया अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी करून कातरली, उलटवून पुन्हा पाव इंचावर टीप, अशा रीतीने कच्च्या कडा शिवणीतच बंद झाल्या आणि इंटरलॉकची गरज उरली नाही. मुंढ्याच्या गोलाईत दुसरी टीप घालताना कापड हाताने ढकलावे लागते, ओढून चालत नाही. आतला थर मुंढ्यापर्यंत नेला नसल्याचा इथे फायदा झाला: शिवण बोटाला दोऱ्याइतकीच लागते.

बाजूच्या शिवणीत एक इंच माया असल्यामुळे तिथे फ्रेंच शिवण शक्य नव्हती. माया दोन्हीकडे उघडून इस्त्री केली आणि प्रत्येक कड पाव इंच दुमडून टीप घातली. जुन्या ब्लाउजमध्ये जिथे सहा थर होते तिथे आता मुख्यतः दोनच आहेत, फक्त दुमडलेल्या कडेवर तीन. काखेच्या टोकापाशी मायेला तिरपा छाट दिला.

गळ्याच्या कडेला पट्टी लावण्यापूर्वी अगदी काठाजवळून आधाराची एक टीप घातली, नाही तर गोलाईतला तिरका भाग हाताळताना ताणला जाऊन गळा लोंबतो. मग तिरकी पट्टी जोडून आत वळवली आणि हाताने हेम घातले. कॅनव्हास कुठेही नाही. पायपिंगची दोरीही घातली नाही. मानेमागे ती टोचते अशी सासूबाईंची जुनी तक्रार होती.

२० एप्रिल २०२५

हूकपट्टी ही एकच जागा अशी आहे जिथे जाडी हवी. एकेरी मलमलीवर हूक टाचला तर पहिल्याच ताणाला भोक पडेल, म्हणून पट्टीच्या आत कॅम्ब्रिकची पाऊण इंच रुंदीची चिंधी घातली. हूक पितळेचे घेतले, कारण लोखंडी हुकांना घामाने गंज चढतो आणि त्याचे डाग सुतावरून जात नाहीत. समोरच्या पट्टीवर धातूच्या आयांऐवजी (हूक अडकवायच्या कड्यांऐवजी) दोऱ्याची घरे काजाच्या टाक्याने गुंफली. सासूबाईंच्या बोटांना आखडलेपणा असल्यामुळे नेहमीपेक्षा थोडे मोठे हूक लावले आणि घरेही सैल ठेवली.

खालचा काठ इंचभर दुमडण्याऐवजी तिरक्या पट्टीने बंद केला, म्हणजे छातीखाली घट्ट कडे तयार होत नाही. खळ धुऊन, वाळवून ब्लाउज काट्यावर ठेवला, तो ६३ ग्रॅम भरला.

२७ एप्रिल २०२५

आठवडाभराच्या वापरानंतरच्या नोंदी. छातीखालचा भाग कोरडा राहतो असे सासूबाईंनी सांगितले. आतल्या थराची मोकळी कड एका बाजूला गुंडाळली जाते, त्यामुळे ती तीन ठिकाणी बाजूच्या टक्सच्या घडीला हाताने टाचून दिली. बाहेरून टाका दिसत नाही. दुपारी पाठीवरचे कापड ओले झाले तरी पंख्याखाली लवकर वाळते. काखेतल्या सुरकुत्यांविषयी त्या काही बोलल्या नाहीत, मीही विषय काढला नाही.

११ मे २०२५

ब्लाउज एक दिवसाआड धुतला जात आहे. रंग टिकून आहे आणि उंचीत फरक पडलेला नाही. मात्र पाठीकडच्या मुंढ्याच्या मध्यावर, शिवणीला लागून, कापडाचे धागे सरकून बारीक जाळी पडू लागली आहे. शिवण शाबूत आहे. विरळ विणीच्या कापडावर आडवा ताण आला की धागे शिवणीपासून दूर सरकतात, आणि हात पुढे घेताना सगळा ताण पाठीच्या याच भागावर येतो. या ब्लाउजला आतून मलमलीच्याच काठाची अरुंद पट्टी त्या शिवणीवर टाचून दिली. काठाची वीण दाट असल्याने ती ताण घेते. कागदी बेतात पाठीची रुंदी मुंढ्याच्या मध्यावर प्रत्येक बाजूला पाव इंच वाढवली आणि त्या प्रमाणात बाहीची मागची गोलाईही किंचित भरली.

सासूबाईंना आता आणखी दोन ब्लाउज हवे आहेत, त्यांतला एक पांढराच हवा असा आग्रह आहे. पांढऱ्यात पाठही दुहेरी करावी लागेल. पॉपलीन न घालता दोन्ही थर मलमलीचेच ठेवायचे, पाठीचा आतला थर बाजूच्या शिवणीत न घेता फक्त गळा, खांदा आणि खालच्या काठात अडकवायचा असे ठरवले आहे. वजन नव्वद ग्रॅमच्या आत राहील असा अंदाज आहे, आणि त्यासाठी दीड मीटर कापड भिजत घातले आहे.